माझ्या मापाचा ओटा

शिवाप्पा गवंड्यानं टेप भिंतीला लावला, कानामागची पेन्सिल काढली आणि आपल्या कमरेच्या रेषेत भिंतीवर खूण केली.

"ओटा हितं येईल अक्का. बत्तीस इंच. समद्या घरातनी ह्योच चालतोय."

मी त्याच्या हातातून टेप घेतला. भिंतीला पाठ लावून उभी राहिले, कोपर वाकवलं आणि कोपराच्या जरा खाली माझी रेघ ओढली. त्याच्या खुणेपेक्षा पुष्कळच खाली.

"ओटा इथे. पावणेदोन फूट."

शिवाप्पानं वाकून ती रेघ पाहिली. टोपी मागे सारून डोकं खाजवलं.

"अक्का, ह्यो ओटा झाला का पाट?"

"ओटाच."

"म्हंजे दुसरं कोण हितं उभं ऱ्हायलं तर—"

"दुसरं कोण उभं राहणार आहे?"

"न्हाई, तसं न्हवं. पै-पावणं असत्यात." तो जरा घुटमळला. "दादांना इचारलंय न्हवं?"

"घर माझं आहे, शिवाप्पा."

"ते खरंच की. पर दादांना इचारलंय न्हवं?"

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. मी जन्मापासून ठेंगणी. ठेंगणी म्हणजे बेताच्या उंचीची नव्हे. वाढायची तेवढी वाढून झाल्यावरही साडेतीन फुटांच्या जेमतेम वर. रस्त्यातून जाताना आजही माणसं वळून बघतात. लहानपणी त्याचं रडू यायचं, मग राग यायचा, पुढे पुढे सवय झाली. सांगलीच्या पोस्टात मी काउंटरला होते. तिथे उंच खुर्चीत बसले की काचेपलीकडच्या माणसाला मी चारचौघींसारखीच दिसायची. कितीतरी लोकांना वर्षानुवर्षं मी उभी राहिले म्हणजे केवढी होते ते माहीतही नव्हतं.

राहायला मी गावभागात, दादाच्या घरी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ भरतेश. त्याचं बी-बियाणांचं दुकान होतं. घरात आई, त्रिशलावहिनी आणि पुतण्या सन्मती. सन्मती तेव्हा कोल्हापुरात इंजिनिअरिंगला होता. दादाबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. मला शाळेत घालायचं की नाही यावर घरात खल चालला होता तेव्हा दहावीतल्या दादानं मला सायकलच्या नळीवर बसवलं आणि थेट शाळेत नेऊन उभं केलं. मला चिडवणाऱ्या एका पोराचे त्यानं दात पाडले होते. त्या घरात मला कुणी कधी टाकून बोललं नाही. पण त्या घरात प्रत्येक ठिकाणी माझ्यासाठी एक स्टूल होतं. दिव्याच्या बटणाखाली एक, न्हाणीघरात एक, कपाटाशी एक. स्टूल ओढायचं, चढायचं, काम करायचं, उतरायचं, सरकवून ठेवायचं. नाही ठेवलं तर त्याला कुणीतरी ठेचकाळायचं आणि मग वहिनी काही न बोलता ते उचलून बाजूला ठेवायच्या. त्यांचं ते न बोलणं मला ऐकू यायचं.

म्हणून मी विश्रामबागेच्या पलीकडे दोन खोल्यांचा एक जुना फ्लॅट घेतला. तळमजल्याचा. आधीच्या लोकांनी त्याची पार दशा करून टाकली होती. भिंतींना ओल, फरशा फुटलेल्या, स्वयंपाकघरातला ओटा मधोमध चिरलेला. बघायला आलेले सगळे नाक मुरडून गेले. मला तो आवडला तो त्यामुळेच. सगळंच फोडायचं आहे तर सगळंच आपल्या मापानं बांधता येईल, असा सरळ हिशेब.

दादा आधी म्हणाला, "कशाला? इथे काय कमी आहे तुला?" मी कमी काही नाही म्हटलं. दोन-चार दिवस तो माझ्याशी तुटक वागला आणि मग अचानक त्यानं मनावरच घेतलं. त्याच्या दुकानाचं काम केलेला शिवाप्पा त्यानंच आणला. मी दिवसभर पोस्टात, तेव्हा दुपारी दुकानातून स्कूटर काढून तोच कामावर चक्कर मारायचा. संध्याकाळी जेवताना सांगायचा, "आज न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग झालं गं चंदा. एक नंबर काम." मला भरून यायचं.

इकडे माझी बांधाबांध सुरू झाली. वहिनींनी मला मनापासून भांडी काढून दिली. पितळेचा डबा, दोन पातेली, ताटं, वाट्या. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूलही पुसून माझ्या ट्रंकेशेजारी आणून ठेवलं.

"वन्सं, हे तरी न्याच. नाहीतर तिकडे दिवा कसा लावाल?"

"तिकडे दिव्याचं बटण खाली घेणार आहे, वहिनी. माझ्या हाताला येईल असं."

"असू दे हो. लागतंच."

"नको," मी म्हटलं. "इथून एकही स्टूल न्यायचं नाही मला."

वहिनींनी स्टूल उचलून पुन्हा कोपऱ्यात ठेवलं. मग म्हणाल्या, "बरं. इथे लागेलच की." तेव्हा त्या बोलण्यात मला काही वावगं वाटलं नाही.

आठवडाभरानं मी अर्धी रजा टाकून दुपारची फ्लॅटवर गेले. न्हाणीघराच्या फरशीचा रंग ठरवायचा होता. स्वयंपाकघरातून थापी घासल्याचा आवाज येत होता. आत गेले आणि दारातच थांबले.

ओटा झाला होता. काळाभोर कडाप्पा, वर ओली गोणपाटं. माझ्या खांद्याला लागणारा.

मी जवळ गेले. हात वर करून त्या काळ्या काठाला धरून पाहिलं. पलीकडे शेगडी येईल तिथवर माझा हात पोचतही नव्हता.

"शिवाप्पा, हे काय?"

तो खाली बसून विटांच्या सांध्यात सिमेंट भरत होता. त्यानं मान वर केली नाही. "दादांनी सांगिटलं अक्का."

"काय सांगितलं?"

"की रेघंकडं बघू नगंस, बत्तीसच घाल."

"का?"

आता त्यानं थापी खाली ठेवली. त्याच्या मनात खोट अजिबात नव्हती. आपल्याला ठाऊक आहे ते हिलाही ठाऊक असणारच, अशा साध्या सुरात तो बोलला. "आता बघा, दोन-तीन सालात धाकट्या मालकांचं लगीन हुईल. जोडपं हितंच ऱ्हाणार. नव्या सुनंनं काय वाकून वाकून रांधायचं का, म्हणले दादा. बरुबरच हाय की."

"आणि मी?"

"तुमी काय, तवर हौस फिटंल तुमची, म्हणले. मग परत घरी."

बाहेर एक भाजीवाली ओरडत गेली. तिच्याकडे काय काय आहे ते मी सगळं ऐकलं. मेथी, पोकळा, काकडी.

हौस. दादा वाईट असता तर मला एवढं लागलं नसतं. त्यानं माझ्यासाठी खाऊ आणावा तशी हौस आणली होती. खेळू दे तिला थोडे दिवस.

"तुझा घण कुठाय?" मी विचारलं.

"कशाला?"

"दे इकडे."

"अक्का, खुळ्यावानी करू नगासा." त्यानं कोपऱ्यातला घण उचलून पाठीशी धरला. "तुमाला उचलायचा बी न्हाई."

ते खरं होतं. मग मी त्याच्या पिशवीतून छन्नी आणि हातोडा काढला. वरून ओटा फोडायला माझा हात पुरला नसता. पण खाली, जिथे शिवाप्पाला गुडघ्यावर बसावं लागत होतं, तिथे मी जराशी वाकून उभी राहू शकत होते. कडाप्पा विटांच्या आडव्या टेकूंवर बसवला होता आणि सिमेंट अजून ओलं होतं. कडेच्या टेकूच्या खालच्या सांध्यात छन्नी घातली आणि हाणली. पहिली वीट हलली. दुसरी निघाली.

"अक्का! अवो अंगावर पडंल!"

"मग बाजूला हो तू."

मी बाहेर सरून उभी राहिले आणि लांबूनच हातोडा फिरवत राहिले. टेकू कलला. कडाप्पा क्षणभर तसाच अधांतरी राहिला आणि मग एका बाजूनं खाली आला. असा आवाज झाला की वरच्या मजल्यावरून एक बाई ओरडली, "अहो, काय पडलं?"

"ओटा!" मीही तितक्याच मोठ्यानं ओरडले.

शिवाप्पा तोवर बाहेर पळाला होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यानं दादाला फोन लावला असणार, कारण थोड्या वेळात दादाची स्कूटर दारात आली. तो आत आला, मागून शिवाप्पा. फुटलेल्या कडाप्प्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या केसांत, पापण्यांवर सगळी धूळ.

"लागलं का तुला कुठं?" त्यानं आधी हेच विचारलं. दादा तो दादाच.

"नाही."

"मग वेड लागलंय का?"

"मी पावणेदोन फुटांवर घालायला सांगितला होता."

"अगं, भातुकली आहे का ही? उद्या घर विकायचं म्हटलं तर कुत्रं विचारणार नाही."

"विकायचं नाही मला."

"तू काय कायमची राहणार आहेस इथे? एकटी? रात्री-बेरात्री पडलीस, काही झालं, तर कोण आहे?"

"सन्मती आणि त्याची बायको आहेत ना."

दादानं शिवाप्पाकडे पाहिलं. शिवाप्पा खाली वाकून विटांचे तुकडे पाटीत भरायला लागला.

"बरं, मग त्यात काय चुकलं?" दादाचा आवाज चढला. "सन्मती परका आहे का? तुला मूल ना बाळ. तुझ्यामागं हे कुणाचं होणार? त्याचंच ना?"

"माझ्यामागं होईल तेव्हा होईल. मी अजून पुढं उभी आहे, दादा. दिसत नसेन तर जरा खाली बघ."

त्यानं कडाप्प्याचा एक तुकडा पायानं बाजूला सारला. मग हळू म्हणाला, "तुझ्यासाठी काय कमी केलं गं मी? सायकलवरनं शाळेत कुणी नेलं तुला?"

"तू नेलंस. मरेपर्यंत विसरणार नाही. पण आता उतरायचं कुठे ते मी सांगणार."

"मग उतर. बघ एकटीनं. मी ह्या घरात पाऊल ठेवणार नाही."

"ठीक आहे."

मी असं म्हणेन हे त्याला अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. तो गेला. त्याच्या मागोमाग शिवाप्पाही पाटी तिथेच टाकून गेला.

घरी आले तर सगळ्यांना सगळं कळलेलं. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. आई माझ्या ट्रंकेवर बसून होती, जणू ती उठली नाही तर मी जाणार नव्हते.

"चंदे, चार दिवस थांब. त्याचा राग निवू दे."

"त्याचा राग निवेपर्यंत तिथे दुसरा ओटा होईल, आई."

"अगं, दारं नाहीत अजून आतल्या खोल्यांना. चिखल, धूळ. कशी राहशील?"

"राहीन. मी तिथे बसले असले म्हणजे कुणी माझ्यामागं काही बांधणार नाही."

सकाळी मी एक छोटा टेम्पो बोलावला. ट्रंक, गादी, भांड्यांचं पोतं. दादा दुकानात निघून गेला होता. आईनं गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन हातावर साखर ठेवली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

त्या अर्ध्या-मुर्ध्या घरात मी राहिले. पडलेला ओटा एका खोलीत, मी दुसऱ्या खोलीत. न्हाणीघराच्या दारावर जुनी साडी बांधली. डबा खाणावळीतून यायचा, त्यातल्या घासाला सिमेंटची चव लागायची. दात घासले तरी किरकिर जायची नाही. पोस्टात माझ्या शेजारची कुलकर्णीबाई म्हणायची, "शिरगुप्पेबाई, केस पिकले की काय एकदम?" मी म्हणायची, "घर चढलंय डोक्यावर." पहिल्या दोन रात्री भीती वाटली, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी नवीन गवंडी शोधायला निघायचं ठरवलं, तर दारात शिवाप्पा.

"हत्यारं ऱ्हायली व्हती," तो म्हणाला.

"ने की."

त्यानं हत्यारं गोळा केली. पिशवी खांद्याला लावली. मग स्वयंपाकघरात उभा राहून त्या ढिगाऱ्याकडे बघत राहिला.

"असं अर्धं टाकून गेलो तर गावात काय म्हणतील? शिवाप्पाचा ओटा पडला म्हणतील."

"म्हणतीलच. पडलाच आहे."

"म्या घातलेला आजवर एक पडला न्हाई अक्का." तो खरोखरच दुखावलेला होता. "दादा काय म्हणायचं ते म्हणूंद्यात. पर आता एकदा इचारतो. नंतर माझ्या नावानं बोंब नगं. पावणेदोनच?"

"पावणेदोनच."

मग तो रोज आला. सगळं काम उकिडवं बसून, कुरकुरत. "ह्या वयात मला रांगाया लावलंसा." पण आता तो प्रत्येक गोष्ट मला विचारायचा. "बटन?" मी हात वर करायची, तिथे तो खूण करायचा. "कडी?" मी हात वर करायची. "आरसा?" आरसा बसवून झाल्यावर तो समोर उभा राहिला आणि म्हणाला, "अक्का, ह्यात मला माझं नुसतं पोटच दिसतंय."

"मला माझं तोंड दिसतंय," मी म्हटलं. तो हसला. त्या घरातलं पहिलं हसू शिवाप्पाचं.

काम संपलं. गॅसची जोडणी मिळाली त्या दिवशी संध्याकाळच्या आत आई आली. हातात नारळ आणि पिशवीत तांदूळ, मुगाची डाळ. मी बाहेर बघितलं.

"कुणी सोडलं?"

"त्यानंच. कोपऱ्यापर्यंत. तासाभरानं न्यायला येतो म्हणालाय." आईनं चपला काढल्या आणि घरभर फिरली. बटणं दाबून पाहिली, बेसिनवर हात धुतले. धुताना कमरेत वाकावं लागलं तिला. मग सवयीनं पदर खोचला. "चल, दिवस बुडायच्या आत जेवून घेऊ. आमटी-भात टाकते."

आम्ही जैन. दिवस मावळल्यावर आमच्यात जेवत नाहीत, आणि आई तर पाणीही घेत नसे. ती लगबगीनं ओट्याशी गेली. पातेलं ठेवलं, तांदूळ धुवायला घेतले आणि एक हात पाठीवर ठेवून तशीच वाकलेली राहिली. मग सरळ झाली. पुन्हा वाकली.

"अगं आई गं. माझी कंबर राहील इथेच. इथे कसं रांधायचं माणसानं?"

"तू नको रांधूस. बस. मी करते."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परकी भाषा बोलले.

तिचंही बरोबर होतं. त्या चाळीस वर्षांत मी एकदाही स्वयंपाक केला नव्हता. मला गॅसपाशी कुणी जाऊच दिलं नव्हतं. काही अंगावर सांडेल, पदर पेटेल, स्टूल घसरेल. मी भाज्या निवडायची, कणीक मळायची, तांदळातले खडे काढायची. सगळं खाली बसून. पुढचं सगळं वर व्हायचं, माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी, आणि मग वरून ताट खाली यायचं. प्रेमानं यायचं, पोटभर यायचं. पण चाळीस वर्षं मी वरून खाली आलेलं ताट जेवले होते. आमटीला उकळी कशी फुटते ते मी तोवर पाहिलेलं नव्हतं. आवाज ऐकला होता, वास घेतला होता. दादा ज्याला हौस म्हणाला ती एवढीच होती.

"येतं का तुला?" आईनं विचारलं.

"बघू."

ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली आणि तिनं खालून सूचना सुरू केल्या. "डाळ आधी धू. पाणी जास्त होतंय. मोहरी तडतडू दे, मगच जिरं. अगं, जळली फोडणी!"

"जळू दे."

"हळद?"

"घातली."

"दिसत नाही इथून," आई म्हणाली.

आमटीला उकळी आली. आधी कडेनं बारीक बुडबुडे, मग मधोमध एकदम उसळी. मी ज्योत बारीक केली, मोठी केली, पुन्हा बारीक केली. गरज नव्हती.

दोन ताटं घेतली. आईनं पहिला घास घेतला तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. थोड्या वेळानं परत. तिसऱ्यांदा वाजला तशी ती ताट सोडून उठायला लागली.

"तू जेव," मी म्हटलं आणि दारात गेले.

दादा स्कूटरवर बसूनच होता. "आईला पाठव."

"जेवायला बसलीय."

"घरी जेवली असती की. दिवस मावळायला आला."

"मावळायच्या आत होईल तिचं. थांब."

"केलं कुणी? आईनं? तिची पाठ—"

"मी केलं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात डाव तसाच होता. त्यानं किल्ली फिरवून स्कूटर बंद केली. मी त्याला आत ये म्हटलं नाही. येणार नाही म्हणाला होता तो. त्याचा शब्द त्यानं पाळावा. पुढे तीन वर्षं पाळलाही. सन्मतीनं लग्न करून पुण्यात घर घेतलं, त्या घराचे पेढे द्यायला म्हणून दादा पहिल्यांदा माझा उंबरा ओलांडून आला.

मी आत आले. आईचा भात अर्धा संपला होता.

"मीठ जास्त झालंय गं," ती म्हणाली. "आणि फोडणी करपलीय. पुढच्या वेळी—"

"पुढच्या वेळीही मला हवं तेवढंच घालीन मी."

आईनं मान वर केली. ओट्याशी मी उभी होते. खाली बसलेल्या तिला माझ्याकडे बघायला मान चांगलीच वर करावी लागली.

"घाल बाई," ती म्हणाली आणि वाटी पुढे केली. "एक डाव वाढ अजून."